धूळपाटी: चुकण्याची जागा

आपल्याकडे आकडेमोड धुळीवर चाले. भास्कराचार्यांच्या ग्रंथात 'धूलिकर्म' हा शब्दच आहे. अरबांनी तो हिशेब घेतला आणि नाव ठेवले हिसाब-अल-गुबार. उर्दूतही गुबार म्हणजे धूळच. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने तोच हिशेब न पुसता कागदावर करण्याची रीत लिहिली.

संगणकाला धूळपाटी उशिरा मिळाली: १९७९ मध्ये युनिक्सचे 'सीएचरूट', २०१३ मध्ये डॉकर. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकावे, त्यात कंटेनर म्हणजे वेगळी खोली उघडावी, प्रोग्राम लिहावा. बिघडला तर खोलीच पुसावी. मूळ यंत्रणा शाबूत. भाडे नाही, नेट गेले तरी काम चालू. 'हात लावू नको, बिघडेल' ऐकत वाढणाऱ्या खुटबावसारख्या गावातल्या मुलांना चुकायची मुभा मिळते.

मात्र जपायचा कोड खोलीबाहेर ठेवावा. सरावाला धूळ, जपायला कागद.