अस्थिपेढी

अस्थिपेढी : मानवी अस्थी मिळवून, त्यांवर संस्कार करून त्या प्रतिरोपणासाठी साठवून ठेवणारी संस्था. अर्बुद काढल्याने किंवा अपघातात चुरा झाल्याने हाडात पडलेली पोकळी अशा अस्थीने भरता येते. परक्या मूत्रपिंडास शरीर विरोध करते. संस्कारित अस्थीत जिवंत कोशिका उरलेल्या नसल्याने तिला तसा विरोध होत नाही. ती केवळ साचा पुरविते. त्यावर रुग्णाचे स्वतःचे हाड सावकाश वाढत जाते.

ग्लासगो येथे विल्यम मॅक्यूएन यांनी १८८० च्या सुमारास एका मुलाच्या दंडाचे नष्ट झालेले हाड इतर मुलांच्या अस्थींनी पुन्हा उभे केले. मुडदुसाने वाकलेले पाय सरळ करताना कापून काढलेले ते तुकडे होते. एकाच्या व्याधीतून दुसऱ्याचा हात सावरला. अस्थी पद्धतशीरपणे साठविण्यास मात्र १९४९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने काढलेल्या ऊतकपेढीपासून चालना मिळाली.

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) १९८८ साली ऊतकपेढी सुरू झाली. खरी अडचण निर्जंतुकीकरणाची होती. तीव्र उष्णतेने हाडातील कोलॅजेन बिघडते, तर रसायनांचा अंश मागे राहतो. गॅमा किरण मात्र मोहोरबंद पाकिटातून आरपार जातात. हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे होते आणि त्याच खात्याचा ‘आयसोमेड’ हा वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा प्रकल्प १९७४ पासून तुर्भे (ट्रॉम्बे) येथे चालू होता. एका प्रशासकीय निर्णयाचे असे फळ क्वचितच मिळते. अस्थी धुऊन, गोठवून व निर्वातात सुकवून तिला सामान्यतः २५ किलोग्रे मात्रा दिली जाते. त्यानंतर ती शीतपेटीवाचून टिकते; लहान गावच्या रुग्णालयाच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सुकविणे आणि प्रारण यांमुळे अस्थीचे बळ घटते. म्हणून ती पोकळी भरण्यास चांगली, पण एकटीने भार पेलण्यास कमी पडते. मांडीच्या वा नडगीच्या हाडातील कर्करोगात याच रुग्णालयाने दुसरा मार्गही वापरला आहे. रोगट हाड कापून बाहेर काढतात, त्यास ५० ग्रे मात्रा देऊन अर्बुदाच्या कोशिका मारतात आणि तेच हाड पुन्हा जागी बसवितात. दाता येथे रुग्ण स्वतःच असतो.

इतर वेळी दाता शोधावा लागतो. खुब्याचा सांधा बदलताना निघणारे मांडीच्या हाडाचे डोके जिवंत व्यक्तीकडून, तिच्या संमतीने मिळू शकते. लांब हाडे मृत्यूनंतरच मिळतात. दधीचीची कथा सर्वपरिचित असली, तरी आपल्याकडे ‘अस्थी’ म्हणताच प्रथम विसर्जन आठवते. डोळे देण्यास राजी होणारे कुटुंब हाडांचे नाव काढताच कचरते. देहाला पूर्ववत आकार देऊनच तो परत केला जातो, हे त्यास आधी सांगावे लागते. अवयव प्रतिरोपणाच्या १९९४ च्या केंद्रीय कायद्यात ऊतकांचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला, म्हणजे परळची पेढी सुरू होऊन तेवीस वर्षे लोटल्यावर.