वाघुरेची घळ आणि गिलची छायाचित्रे

श्रोतेहो, धनजच्या शिवारात विहीर खणताना काळ्या मातीखाली काळा पाषाण लागतो ना? त्याच जातीच्या पाषाणात अजिंठ्याजवळ वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखी खोल घळ कोरली आहे. तिच्या कड्यात माणसांनी लेणी खोदली. ती लेणी कागदावर कशी उतरली, ते आज सांगतो.

मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमले. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठमोठे पट रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक पट जळून गेले. हाताने केलेल्या नकलेची दुसरी प्रत कुठली असणार?

पण दरम्यान गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्या काळची सर्रास रीत मोठी कटकटीची, बरं का! काचेवर औषध चढवायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात धुऊन काढायचे. त्यात लेण्यात उजेड जेमतेम. गिलने जोडचित्रेही घेतली. एकाच देखाव्याची, जरा वेगवेगळ्या जागेवरून घेतलेली ती दोन चित्रे भिंगांतून एकत्र पाहिली, की खांबामागचा खांब खोलवर दिसे.

१८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या वर्णनासह लंडनला दोन पुस्तके निघाली. एकात ७४ छायाचित्रे, दुसऱ्यात १०० जोडचित्रे. पुस्तकात छायाचित्र छापायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून कागदावर उतरवलेली खरी छायाचित्रेच पानापानावर चिकटवली. भित्तिचित्रांचे रंग त्यांत आले नाहीत, हे खरे. पण खांब, मूर्ती, कडे आले. मुख्य म्हणजे एका काचेवरून अनेक प्रती निघाल्या आणि निरनिराळ्या घरी गेल्या. पट जळाले तरी त्या उरल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गुरुजनहो, यातून घेण्यासारखे एवढेच. तुमच्या गावची बारव, पडके देऊळ, वेशीचा दगड यांचे चित्र घ्या. ते फोनमध्येच पडू देऊ नका. कागदावर उतरवा, मागे गाव, जागा, तारीख लिहा. एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा, दुसरी ग्रामपंचायतीत ठेवा, तिसरी कुणाच्या घरी द्या. एक हरवली, तरी दोन राहतील.