गर्भवतीचे झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट : पहिली मात्रा वेळेवर मिळणे का महत्त्वाचे?

गर्भधारणेच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या अवयवांवर परिणाम दिसणे, या अवस्थेला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. याच अवस्थेत झटके आले, तर तो एक्लॅम्प्सिया होय. त्यात माता व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. हे झटके रोखण्यासाठी आणि आल्यास पुन्हा येऊ नयेत यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे जगभर प्रथम पसंतीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

पुरावा काय सांगतो?

झटक्यांवर पूर्वी डायझेपाम आणि फेनिटॉइन ही औषधेही सर्रास वापरली जात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने हा वाद मिटवला. भारतातील केंद्रांचाही सहभाग असलेल्या या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्या महिलांना पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्के, तर फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्के कमी आढळले. त्यानंतर ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक महिलांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये जाहीर झाले. प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्या महिलांना हे औषध दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे त्यातून स्पष्ट झाले.

रक्तदाबाचे औषध नव्हे

मॅग्नेशियम सल्फेट रक्तदाब कमी करण्यासाठी दिले जात नाही. ते मेंदूतील चेतापेशींची अतिउत्तेजना शमवते आणि रक्तवाहिन्या सैल करते, असे मानले जाते. रक्तदाब १६०/११० पर्यंत पोहोचल्यास लॅबेटालॉल, निफेडिपिन यांसारखी औषधे स्वतंत्रपणे द्यावी लागतात. आजारावरील अंतिम उपाय प्रसूती हाच आहे. तिची वेळ गर्भाचे आठवडे आणि मातेची प्रकृती पाहून ठरते.

मात्रा आणि देखरेख

प्रचलित प्रिचर्ड पद्धतीत सुरुवातीला ४ ग्रॅम औषध शिरेतून सावकाश आणि १० ग्रॅम स्नायूंत, म्हणजे दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम, दिले जाते. पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम स्नायूंत देतात. प्रसूती किंवा शेवटचा झटका, यांपैकी जे नंतर घडेल त्यापासून २४ तासांपर्यंत उपचार सुरू राहतो.

अंगात उष्णता जाणवणे, चेहरा लाल होणे हे परिणाम नेहमीचे आहेत. मात्र रक्तातील प्रमाण फार वाढल्यास श्वास मंदावू शकतो. म्हणून प्रत्येक पुढील मात्रेपूर्वी तीन गोष्टी तपासतात : गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया कायम आहे का, श्वसनाचा वेग मिनिटाला किमान १६ आहे का आणि लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर होते का. औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने तिसरी तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवले जाते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असलेल्या महिलांना मॅग्नेशियम सल्फेट देत नाहीत.

गावपातळीवर

मोठे रुग्णालय दूर असेल, तर वाटेतच झटका येण्याची भीती असते. त्यामुळे भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झटके आलेल्या महिलेला पुढे पाठवण्यापूर्वी प्रशिक्षित परिचारिका (एएनएम) स्नायूंतून १० ग्रॅमची पहिली मात्रा देऊ शकते. एक ग्रॅमच्या दहा कुप्या, सुई आणि प्रशिक्षित हात एवढ्यावर हे शक्य आहे. देखरेखीची सोय नाही म्हणून ही पहिली मात्राच टाळणे महिलेसाठी अधिक घातक ठरू शकते.

कुटुंबीयांनी काय ओळखावे?

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धूसर दिसणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना, चेहरा व हातांवर अचानक सूज ही धोक्याची लक्षणे आहेत. झटका आल्यास महिलेला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि तातडीने १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रसूतीनंतरही, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, झटके येऊ शकतात. त्यामुळे बाळंतपण पार पडले म्हणून रक्तदाबाची तपासणी थांबवू नये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. झटक्यापूर्वीच हा आजार ओळखण्याची संधी तेथे मिळते.