वऱ्हाडातील धर्मजीवन आणि समाजसुधारणा

वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासात धर्माला केवळ उपासनेपुरते स्थान कधीच नव्हते. गावचा पाणवठा, पंगत, यात्रा, शाळा या सर्व ठिकाणी धर्माची आज्ञा चालत असे. म्हणूनच या प्रांतात जी सुधारणा झाली ती धर्माच्या क्षेत्रातच प्रथम झगडली. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील काही घटनांचा क्रम लावून पाहिला असता हे स्पष्ट होते.

या परंपरेचा आरंभ रिद्धपूर येथे शोधावा लागतो. तेराव्या शतकात येथे वास्तव्य करणारे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू होत. त्यांच्या सान्निध्यात म्हाइंभट्टांसारख्या शिष्यांनी मराठी गद्याचा पाया घातला. या पंथाने धर्मविचार संस्कृतातून लोकभाषेत आणला, आणि त्याचबरोबर जातिनियमांनाही धक्का दिला. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या पाण्याची अडचण त्यांनी दूर केल्याचा प्रसंग आला आहे. धर्मपुरुषाचे मोठेपण देवळात न दाखविता पाणवठ्यावर दाखविणारा हा प्रसंग पुढील सहा शतकांच्या इतिहासाच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो. कारण पाण्याचा आणि देवदर्शनाचा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत सुटलेला नव्हता.

विसाव्या शतकात या परंपरेला नवे वळण दिले ते गाडगेबाबांनी. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी गेले. मुलीच्या बारशाला मद्यमांसाचे जेवण देण्याची जातीतली रूढी त्यांनी मोडली व गोडाचे जेवण घातले. १९०५ मध्ये घर सोडल्यावर त्यांनी हातात खराटा घेतला. पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथे पौषातील यात्रेस येणाऱ्यांची चिखलात होणारी दैना पाहून त्यांनी घाट बांधविला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून श्रोत्यांनाच प्रश्न विचारून नवस, पशुबळी, कर्ज व व्यसन यांचा फोलपणा त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा, ही त्यांची पद्धती. स्वतः निरक्षर असूनही मुलांना शिकविण्याचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. लोकांनी दिलेल्या पैशातून मंदिरे न उभारता त्यांनी धर्मशाळा उभारल्या.

गाडगेबाबांनी आचरणावर भर दिला, तर तुकडोजी महाराजांनी संघटनेवर. यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजींनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. खंजिरीवरील भजनाला त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची जोड दिली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना कारावास घडला. १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ग्रामगीते’त ग्रामसेवा हीच उपासना मानली आहे.

तथापि संतांच्या उपदेशाने सर्व प्रश्न मिटले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा ही मागणी पुढे आली. नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. सत्याग्रह लांबणीवर टाकण्यात आला, परंतु प्रश्न उघड झाला. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी या मागणीस पाठिंबा दिला. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्ड येथे प्रबंध लिहिणाऱ्या या विद्वानाने धर्माची कसोटी पुन्हा पाणवठ्यावरच लावली, हे लक्षणीय आहे.

येथे दोन वृत्ती दिसतात. संत मनःपरिवर्तनाची वाट पाहत होते. आंबेडकरांचे अनुयायी हक्क मागत होते. या दोन वृत्तींत विरोध होता असे मात्र नव्हे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पण ज्यांना देवळाच्या पायरीशी शतकानुशतके थांबविले गेले, त्यांनी किती काळ वाट पाहावी, या प्रश्नाचे उत्तर हिंदुसमाज वेळेवर देऊ शकला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील असंख्य कुटुंबांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तो याच अनुत्तरित प्रश्नाचा परिणाम होय. ६ डिसेंबरला आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावनजीक गाडगेबाबांनी देह ठेवला.

सारांश, वऱ्हाडात धर्माने समाजाला जखडले आणि धर्मानेच त्याला जागेही केले. ज्या ज्या वेळी तो गाभाऱ्यातून बाहेर पडून भाषेत, पाणवठ्यावर आणि शाळेत आला, त्या त्या वेळी त्याची शक्ती प्रकट झाली. आणि ज्या वेळी त्याने दार लावून घेतले, त्या वेळी माणसांनी दुसरे घर शोधले.