फाळणीनंतरचा हॉकी संघ आणि पाच गोंयकार

भारतीय हॉकी म्हटले की आपण ध्यानचंदांपाशी थांबतो. मला मात्र त्यांच्यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मोडलेला संघ पुन्हा कसा उभा राहतो, हे त्यात दिसते.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. मग महायुद्ध आले. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत. बारा वर्षांत खेळाडूंची एक पिढी उलटते. त्यातच १९४७ ची फाळणी. पंजाब म्हणजे हॉकीची खाण, तिचा लाहोरकडचा भाग पलीकडे गेला. बर्लिनला ऐनवेळी बोलावून घेतलेला अली दारा १९४८ मध्ये पाकिस्तानचा कर्णधार म्हणून लंडनला उतरला. लाहोरचे केशव दत्त सगळे मागे टाकून भारतात आले. लंडनला निघालेल्या भारतीय संघात बर्लिनचा एकही खेळाडू नव्हता.

आमच्या सरकारी भाषेत सांगायचे तर सगळी पदे एकदम रिक्त! आणि पैसे देऊन खेळाडू विकत घेण्याचा तो जमाना नव्हता. खेळाडू पोटासाठी रेल्वेत, पोलिसांत, कंपन्यांत नोकरी करायचे आणि त्यांच्याच संघातून खेळायचे. निवड करणाऱ्यांना याच ठिकाणी शोध घ्यावा लागला. महूचे किशनलाल रेल्वेतले, ते कर्णधार झाले. उपकर्णधार के. डी. सिंग 'बाबू' उत्तर प्रदेशचे. बलबीरसिंग पंजाब पोलिसांतले.

आणि मुंबईहून आले गोंयकार. लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज आणि मॅक्सी वाझ. पिंटो तर गोलरक्षक. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांनी तिथे कूड उभारले, तसे हॉकीचे क्लबही उभारले. लुसिटानियन्स हे त्यातले गाजलेले नाव. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, मुक्तीला अजून तेरा वर्षे होती. तरीही मूळ गोव्याचे हे पाच जण स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघात होते.

लंडनमध्ये भारताने ऑस्ट्रियाला ८-०, अर्जेंटिनाला ९-१, स्पेनला २-० असे हरवले. उपांत्य सामन्यात हॉलंडवर २-१ असा निसटता विजय. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर समोर ब्रिटन! कालपर्यंतचा राज्यकर्ता. स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तीन दिवस बाकी होते. भारत ४-० ने जिंकला. बलबीरचे दोन गोल, त्रिलोचनसिंग आणि पॅट्रिक जॅन्सन यांचा एकेक.

या संघातली नावे एकदा सलग वाचून पाहा. हिंदू, शीख, मुसलमान, अँग्लो-इंडियन, गोंयकार. माझ्या मते बळ तिथेच होते. एक खाण बंद झाली तरी दुसऱ्या चार चालू होत्या. पण ही बेरीज फार काळ टिकली नाही. अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान पुढे पाकिस्तानात गेले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते पाकिस्तानच्या संघात होते, आणि तिथल्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानलाच १-० असे हरवले.

आज आपल्या गावागावांत फुटबॉलच्या गप्पा रंगतात. रंगाव्यातच. पण सुवर्णपदक घेऊन आलेल्या या पाच जणांची नावे किती शाळकरी मुलांना सांगता येतील? गोव्याचा इतिहास लिहिताना आपण राजवटी मोजतो. मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी काय कमावले, याचेही एक पान त्यात हवे.