तळटीप : बामोशी बाबांचा उरुस

बामोशी बाबा : चाळीसगावचे पीर मुसा कादरी. कादरी सूफी परंपरेचे मूळपुरुष बगदादचे अब्दुल कादिर जिलानी (निधन 1166); पंजाबच्या खेड्यापाड्यांत आजही गायले जाणारे बुल्लेशाह याच परंपरेतले. चाळीसगावच्या उरुसात संदल निघतो, पण खरी गर्दी लोटते ती तलवारीच्या मिरवणुकीला. ही तलवार निघते देशमुखांच्या वाड्यातून. मुसलमान पिराच्या उरुसात हा मान हिंदू घराण्याकडे आहे, आणि खानदेशाचे गावपण समजून घ्यायला एवढी एक गोष्ट फार मोलाची आहे. गिरणाकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकवणारे शेतकरीही बाबांना मानतात. म्हणून वर मजकुरात आलेले ‘मुसलमानांची जत्रा’ हे वर्णन अपुरे आहे. वाचकांनी ते ‘गावाचा उरुस’ असे वाचावे. — संपादक