सहा दिवसांची सृष्टी आणि सातवा दिवस



ख्रिस्ती धर्माचा पाया कोणता, असे विचारले तर बहुतेक जण येशूच्या क्रुसाकडे बोट दाखवतील. ते चूक नव्हे. पण क्रूस हा गाभारा झाला. जोते त्याच्याही खाली आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे मराठी नावच 'उत्पत्ती'. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली, मातीचा माणूस करून त्यात प्राण फुंकला आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, अशी ती कथा. पुढे आदामाने आज्ञा मोडली म्हणून माणूस पतित झाला, आणि पतित झाला म्हणून तारणारा हवा. आदामच काढून टाकला तर येशूच्या येण्याचे प्रयोजन उरत नाही. संत पौलाने येशूला शेवटचा आदाम म्हटले, ते याच हिशेबाने.

हा सारा हिशेब मराठीत विस्ताराने मांडला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ साली गोव्यास आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी काही तरी हवे होते. स्टीफन्सला थेट येशूपासून आरंभ करता आला असता. त्याने तसे केले नाही. आधी जुन्या कराराचे 'पहिले पुराण', मग येशूचे 'दुसरे पुराण', असा क्रम लावला. आपल्या पुराणांच्या पाच लक्षणांतही पहिले लक्षण 'सर्ग', म्हणजे सृष्टीची उत्पत्तीच असते. तेव्हा श्रोत्यांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते.

परंतु रीत सारखी असली तरी आशयात मोठा फरक होता. पुरुषसूक्तात ब्राह्मण मुखाशी आणि शूद्र पायांशी जोडलेला आहे. उत्पत्तीच्या कथेत वर्णच नाहीत. एक माती, एक हात, एक जोडपे. आणि माणूस, मग तो कोणीही असो, देवाच्या प्रतिरूपाचा. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या कानी ही गोष्ट पडली असेल तेव्हा त्याने 'सहा दिवस' मोजले नसतील; त्याने 'एक माती' एवढेच ऐकले असेल.

याचा दाखला शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण; १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांनी आपल्या जालन्याला, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात, काम उभे केले, आणि मुख्यतः मांग व महार समाजांतून आलेल्या कुटुंबांसाठी बेथेल हे गाव वसवले. हे नावही उत्पत्तीतलेच. घर सोडून निघालेला याकोब उशाला दगड घेऊन जेथे निजला, त्या जागेला त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. ज्यांना गावात घर नव्हते त्यांच्या वस्तीला याहून समर्पक नाव कोणते असते?

मात्र पाया चांगला म्हणून इमारत आपोआप चांगली होत नाही. गोव्यात क्रिस्तपुराण ऐकणाऱ्या समाजातच बामण, चारडो, सुदिर हे भेद टिकून राहिले. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी याच 'उत्पत्ती'तला नोहाचा शाप पुढे करून गुलामगिरीचे समर्थन केले. आर्चबिशप अशरने १६५० साली सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ वर्षे असा ठरवला. भूगर्भशास्त्राने आणि १८५९ नंतर डार्विनच्या सिद्धान्ताने ते गणित मोडले. पण गणित मोडले म्हणजे कथा मोडली, असे नव्हे. या कथेत सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, मग आधीचे तीन दिवस कशाने मोजायचे? संत ऑगस्टीननेच हे आपले नेहमीचे दिवस मानले नव्हते.

आता सातव्या दिवसाकडे वळू. दहा आज्ञांतील विसाव्याची आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात याच कथेचा आधार घेते, आणि तो विसावा केवळ मालकाला नव्हे, तर दासदासींना, परक्याला आणि गुराढोरांनाही देते. ख्रिस्ती मंडळींनी येशूच्या पुनरुत्थानामुळे शनिवारऐवजी रविवार पाळला. इंग्रजी राज्यात कचेऱ्या रविवारी बंद असत. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र तो विसावा नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा भरवून, अर्ज करून तो मागितला आणि १८९० साली मिळवला. मराठी कामगाराला रविवार खंडोबाचा वार म्हणूनही आपलाच. लोखंड्यांचे गुरू जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण सर्व स्त्रीपुरुष एकाच निर्मिकाची लेकरे म्हणून समान, हा त्यांचा सिद्धान्तही निर्मितीवरच उभा आहे.

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत. मी कामगारांत वावरणारा माणूस. रोजंदारीवरच्या माणसाची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, हे रोज पाहतो. आठवड्याची सुट्टी १८९१ आणि १९४८ च्या कारखाना कायद्यांनी मान्य केली खरी, पण पगाराविना मिळालेली सुट्टी हा विसावा नव्हे. सृष्टिकथेवर श्रद्धा ठेवावी की न ठेवावी, हे ज्याचे त्याने पाहावे. पण जो ठेवतो, त्याने शेजारच्या भट्टीवरचा माणूसही त्याच मातीचा मानला पाहिजे. तो मानला नाही, तर श्रद्धेचा पाया केवळ पुस्तकात राहिला, असेच म्हणावे लागेल.